तिसऱ्या पिनेची गोष्ट



आपल्याकडे भिंतीवर बसवतात तोही प्लग आणि वायरच्या टोकाला असतो तोही प्लगच. ‘प्लगात प्लग घाल’ असं आपण सहज म्हणतो आणि ऐकणाराही बरोबर समजतो. आजच्या भाषणापुरते मात्र भिंतीवरच्या भोकांना सॉकेट म्हणू आणि पिना असलेल्या वस्तूला प्लग म्हणू, म्हणजे घोटाळा व्हायचा नाही.

या प्लगला तीन पिना असतात. दोन सारख्या, आणि तिसरी त्यांच्याहून जाड व लांब. अलीकडे पिना मिटणारे, घडी करून खिशात घालता येणारे प्लग निघाले आहेत. त्यांमागची कारागिरी कौतुकाचीच आहे. परंतु कोणतीही वस्तू लहान करायची म्हणजे तिच्यातले काहीतरी काढावे लागते किंवा आखडावे लागते. आणि प्लगातून काय काढता येईल असे म्हटले, की सगळ्यांची नजर आधी या तिसऱ्या पिनेवर जाते. दिवा तिच्यावाचून लागतो, पंखा तिच्यावाचून फिरतो, मग ती हवी कशाला? ती तेथे आली कशी आणि आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत तिची काय गत झाली, ते आज सांगायचे आहे.

विजेचा पहिला व्यवहार दिव्यांचा होता. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८८२ साली विजेच्या दिव्यांनी उजळले. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. त्या काळी घरात वीज घेणे म्हणजे दिवे घेणे, एवढाच अर्थ होता. भिंतीवर सॉकेट नसे. छतापासून लोंबणारा होल्डर असे. कोणाला इस्त्री चालवायची झाली तर त्याने बल्ब काढायचा आणि होल्डरमधूनच वीज घ्यायची. अमेरिकेत हार्वे हबेल यांनी १९०४ साली ज्या प्लगचे पेटंट घेतले, तोही अशा दिव्याच्या होल्डरमध्येच बसवायचा होता. होल्डरात घालायचा दोन भोकांचा अडॉप्टर आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आजही दिसतो. तो या जुन्या काळाचा वारस आहे.

दिव्यापुरते हे ठीक होते. बल्ब काचेचा, पेटलेला बल्ब कोणी हातात धरून बसत नाही. पण इस्त्री लोखंडाची, किटली धातूची, पंख्याची जाळी तारेची. आतल्या वायरचे वेष्टन झिजले आणि तांबे त्या लोखंडाला टेकले, तर सगळी वस्तूच ‘जिवंत’ होते. बाहेरून काही कळत नाही. इस्त्री इस्त्रीसारखीच दिसते, गरमही होते. हात लावणाऱ्याच्या अंगातून वीज जमिनीकडे वाट काढते, तेव्हा कळते. यावर उपाय असा, की विजेला माणसाच्या अंगापेक्षा सोपी वाट आधीच करून ठेवायची. वस्तूच्या धातूच्या अंगापासून एक तिसरी तार काढून ती थेट जमिनीत न्यायची. आतली वायर टेकली, की वीज त्या तारेने जमिनीत धावते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज वितळून पुरवठा तुटतो. हीच ती अर्थिंगची तार, आणि तिच्यासाठीच ही तिसरी पिन.

आपला गोल पिनांचा प्लग ज्या ब्रिटिश मानकावरून आला, ते मानक १९३४ साली ठरले. शिक्षकांनी मुलांना दाखवावा असा हा नमुना आहे. लहान प्लगाच्या दोन पिना सुमारे ५ मिलिमीटर जाड आणि १५ मिलिमीटर लांब असतात. तिसरी ७ मिलिमीटर जाड आणि साधारण साडेवीस मिलिमीटर लांब असते. ही पिन जाड का, असे विचारले तर बरीच मुले सांगतात की जास्त वीज जाण्यासाठी. तसे नाही. ती जाड यासाठी, की चुकूनही ती विजेच्या भोकात शिरू नये. आणि लांब यासाठी, की प्लग घालताना जमिनीशी नाते सर्वांत आधी जुळावे व काढताना सर्वांत शेवटी तुटावे. वीज वस्तूपर्यंत पोचण्यापूर्वी पहारेकरी हजर, आणि वीज निघून गेल्यावरच पहारेकरी जाणार. इतकी विचारपूर्वक केलेली दुसरी वस्तू घरात क्वचितच सापडेल.

गंमत अशी, की ज्या इंग्रजांनी हा प्लग आणला त्यांनीच तो तेरा वर्षांत टाकून दिला. दुसरे महायुद्ध चालू असतानाच तेथे विचार सुरू झाला होता, की लढाईनंतर लाखो घरे बांधायची आहेत, त्यांत वायरिंग कसे करावे? तांब्याची टंचाई होती. तेव्हा प्रत्येक सॉकेटला फ्यूज-बोर्डापासून वेगळी तार न नेता, एकच तार कड्यासारखी घरभर फिरवून पुन्हा बोर्डाला आणायची, अशी तोड निघाली. तांबे वाचले, पण त्या कड्याचा फ्यूज ३० अँपिअरचा. टेबलावरच्या दिव्याच्या बारीक वायरला ३० अँपिअरचा फ्यूज म्हणजे राखण न ठेवल्यासारखेच. म्हणून प्रत्येक प्लगाच्या पोटातच वेगळा फ्यूज बसवावा लागला. १९४७ साली हा चपट्या पिनांचा नवा प्लग ठरला. तांबे वाचले आणि प्लग फुगला, असे म्हटले तरी चालेल.

या नव्या रचनेमागे जी समिती होती तिच्यात एकच स्त्री होती, कॅरोलिन हॅस्लेट. इंग्लंडातील स्त्री-इंजिनिअरांच्या संघटनेचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले होते आणि स्वयंपाकघरात वीज कोण वापरते हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९४४ साली जो अहवाल निघाला त्यात, लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी सॉकेटच्या भोकांना आतून पडदे असावेत, असे बजावून सांगितले होते. हे पडदे उघडायचे काम दिले लांब अर्थ पिनेला. ती आत गेली म्हणजे बाकीच्या दोन भोकांची दारे उघडतात. पोराने तारेचा तुकडा एका भोकात खुपसला तर समोर बंद दार. म्हणजे पहारेकऱ्याच्याच हाती किल्ली दिली.

आपण मात्र जुनाच प्लग ठेवला, आणि माझ्या मते त्यात गैर काही नव्हते. आपल्याकडे कड्याचे वायरिंग आले नाही. निरनिराळ्या वायरींना बोर्डावर निरनिराळे फ्यूज होते, ते पांढरे चिनी मातीचे, ज्यांना वायरमन किटकॅट म्हणतात. तेव्हा प्लगात फ्यूज असण्याची तितकी निकड नव्हती. भारतीय मानक संस्थेने १९५८ साली १२९३ क्रमांकाचे मानक काढून गोल पिनांना आपले नाव दिले. पुढे ५ आणि १५ अँपिअरच्या जागी ६ आणि १६ हे आकडे आले. रचना चांगलीच होती. पण ती दोन गोष्टींवर विसंबून होती. बोर्डावरचा फ्यूज योग्य जाडीच्या तारेचा हवा, आणि तिसऱ्या भोकामागे खरोखर जमीन हवी.

आता आपल्या मुलखात येऊ. जुना सातारा जिल्हा १९४९ साली विभागला गेला. दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. पाटण तालुक्यात कोयनेवर धरण उभे राहत होते आणि डोंगर पोखरून, पलीकडे चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला जमिनीच्या पोटात वीजघर बांधले जात होते. १९६२ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली. ती आधी मोठ्या वाहिन्यांवरून मुंबईच्या बाजूला धावली. खेड्यांत यायला तिला वेळ लागला. ज्यांची गावे शिवसागराच्या पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी कित्येकांना तर पुनर्वसनासाठीच वर्षानुवर्षे ताटकळावे लागले, मग दिव्याची गोष्ट दूरच.

वीज येण्याआधी खेड्यात रेडिओ आला होता, हे विसरता कामा नये. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी रेडिओ-मंडळांचा जो प्रयोग केला, त्यातल्या पाच जिल्ह्यांत उत्तर सातारा होता. गावात वीज नसली तर संच बॅटरीवर चाले. म्हणजे यंत्र घरात आले आणि प्लग नंतर आला, असे आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी झाले. १९६३ साली सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले तेव्हाही हे केंद्र ऐकणारी कितीतरी घरे कंदिलाच्या उजेडात होती.

मग खांब आले, तारा आल्या. कृष्णा-वारणेच्या काठी मळ्यामळ्यात मोटेच्या जागी पंप बसले. सोप्यात एक दिवा, माजघरात एक, आणि हौस असेल त्याच्याकडे बोर्डावर एक सॉकेट. त्या सॉकेटला भोके तीन. पण मागे बघावे तर वायरी दोनच! तिसऱ्या भोकामागे काही नाही. नुसते भोक. हे एका गावात नाही, अनेक गावांत मी पाहिले आहे. कारण सरळ आहे. तिसरी तार म्हणजे जादा पैसे. अर्थिंगचा खड्डा म्हणजे गवंड्याची मजुरी, लोखंडी नळी, कोळसा, मीठ. आणि ते सगळे करून दिव्याचा उजेड तसूभर वाढत नाही. जी वस्तू काम करताना कधी दिसतच नाही, तिच्यावर खर्च करायला माणूस कचरतो.

खड्डा केला तरी प्रश्न सुटतोच असे नाही, आणि येथे आपल्या जमिनीचा संबंध येतो. महाबळेश्वर-पाटणकडे पाऊस उदंड, पण वर जांभा आणि खाली कातळ. नदीकाठची काळी जमीन ओल धरते, ती या कामाला उत्तम. पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, किंवा इकडे माण-खटाव घ्या. कोरडा मुरूम, खाली काळा पाषाण, आणि चैत्र-वैशाखात खड्ड्यात ओलीचा थेंब नाही. कोरडी माती विजेला वाट देत नाही.

शिक्षकांनी फळ्यावर करून दाखवावे असे एक गणित सांगतो. पुरवठा २३० व्होल्टचा. ओल्या जमिनीतल्या चांगल्या खड्ड्याचा रोध २ ओहम धरा. इस्त्रीतली वायर तिच्या अंगाला टेकली, तर २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपिअर धावतील. १५ अँपिअरचा फ्यूज क्षणात उडेल. आता तोच खड्डा उन्हाळ्यात वाळला आणि रोध २० ओहम झाला. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. पंधराचा फ्यूज साडेअकराला वितळतच नाही! इस्त्रीचे अंग जिवंतच राहते, मीटर फिरत राहतो, आणि घरच्यांना वाटते आपल्याकडे अर्थिंग आहे. त्यातून फ्यूज एकदा-दोनदा उडाला म्हणून कोणी तांब्याच्या जाड तारेचा वेढा घातला असेल, तर बोलायलाच नको. सांगली-साताऱ्याच्या पूर्वभागात म्हणूनच जुने जाणते वायरमन उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायला सांगत. ते खुळ्यासारखे नव्हते. त्यात पुरते शास्त्र होते.

पुढे या दुखण्यावर अर्थ-लीकेजचे स्विच निघाले. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांची ते सतत तुलना करतात. फरक ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट इतका झाला, की पुरवठा तोडतात. वाळलेल्या खड्ड्यातून साडेअकरा अँपिअर जाताना हा स्विच एका निमिषात पडेल. पण लक्षात घ्या, तिसरी तार जोडलेली असेल तर तो कोणी हात लावण्यापूर्वीच पडतो. तार नसेल तर माणसाच्या अंगातून वीज जाऊ लागेपर्यंत तो थांबतो.

तिसरी पिन मात्र उपेक्षितच राहिली. दोन भोकांच्या सॉकेटात तीन पिनांचा प्लग जात नाही म्हणून पक्कडीने पिन कापलेले प्लग तुम्हीही पाहिले असतील. प्लगच नाही म्हणून उघड्या तारा भोकात घालून काडीपेटीच्या काड्यांनी घट्ट करणारे तर गावोगाव भेटतात. पाणी तापवायच्या कांडीला असला जुगाड म्हणजे मोरीत मृत्यूला आमंत्रण.

अशा पार्श्वभूमीवर घडीच्या प्लगाकडे पाहू. तो जन्मला त्या इंग्रजांच्या फुगलेल्या प्लगामुळेच. मिन-क्यू चोई नावाचा कोरियन तरुण लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत होता. संगणक पुस्तकाएवढा पातळ झाला, पण त्याचा प्लग मात्र पिशवीत मावेना, हे त्याला खटकले. २००९ साली त्याने घडीचा प्लग करून दाखवला. दोन पिना वळवायच्या, म्हणजे तिन्ही एका रांगेत येतात; मग दोन्ही बाजूंची पाखे मिटायची. घडी केल्यावर जाडी सुमारे १ सेंटिमीटर. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१० साली त्याला वर्षातील उत्तम रचनेचा मान दिला. पण चोईचा चार्जर बाजारात यायला २०१२ साल उजाडले.

मधली वर्षे का लागली, याचा अंदाज कोणत्याही वायरमनला येईल. साध्या प्लगात पिन घट्ट बसवलेली आणि तार स्क्रूने आवळलेली असते. हलणारे काही नाही. घडीच्या प्लगात पिनच फिरते. तेव्हा वीज एका हलत्या सांध्यातून न्यावी लागते, आणि सांधा म्हटला की झीज आली. समजा, सांधा थोडा ढिला होऊन त्याचा रोध एक विसांश ओहम झाला. मोबाइलच्या चार्जरला प्रवाह नगण्य, तेथे काही बिघडत नाही. २ अँपिअरला उष्णता होते दोन गुणिले दोन भागिले वीस, म्हणजे एक पंचमांश वॅट. पण त्याच सांध्यातून १५ अँपिअर नेले, तर पंधरा गुणिले पंधरा भागिले वीस, म्हणजे सव्वाअकरा वॅट! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची लहान डाग देण्याची इस्त्री २५ वॅटची असते. तिच्या जवळजवळ निम्मी उष्णता बोटाएवढ्या प्लास्टिकमध्ये कोंडली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून घडीची सोय हलक्या वस्तूंनाच शोभते.

दुसरी अडचण बोटांची. प्लग काढताना बोटे कडेने आत सरकतात आणि पिना अजून अर्ध्या सॉकेटात असतात. इंग्रजांच्या मानकात म्हणून पिनेच्या कडेपासून प्लगाचा काठ निदान साडेनऊ मिलिमीटर दूर हवा अशी अट आहे. पुढे पिनांच्या बुडाला प्लास्टिकचे आवरणही आले. प्लग आखडायचा तर काठ आखडतो, आणि काठ आखडला की बोट पिनेला भिडते. चोईची पाखे नुसती शोभेची नव्हती; उघडल्यावर ती हा काठ भरून काढत. पाखे मिटलेली असताना प्लग सॉकेटात जाताच कामा नये, हीही काळजी घ्यावी लागते. माणूस घाईत असतो; अर्धवट उघडलेली वस्तू तो खुशाल खुपसतो.

तिसरी गोष्ट मोडण्याची. ॲपल कंपनीने २००३ ते २०१५ या काळात युरोप, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांत विकलेले, काढता-घालता येणारे दोन पिनांचे तुकडे २०१६ साली परत मागवले. ते मोडून आतला विजेचा भाग उघडा पडू शकतो, असे आढळले होते. एवढी मोठी कंपनी, आणि वस्तू बारा वर्षे बाजारात होती!

आपल्या गोल पिनेची घडी का होत नाही, हेही जाता जाता पाहू. इंग्रजी प्लगाच्या पिना चपट्या, सगळ्या ४ मिलिमीटर जाडीच्या. त्या एका रांगेत निजवल्या तर प्लग १ सेंटिमीटरमध्ये बसतो. आपली अर्थ पिन एकटीच ७ मिलिमीटर जाड. मोठ्या प्लगाची तर पावणेनऊ. वरखाली प्लास्टिक धरले की घडीचा फायदा बराचसा संपलाच. म्हणून आपल्याकडे जो मिटणारा किंवा चिमुकला चार्जर मिळतो, तो बहुधा दोनच पिनांचा असतो. त्यातला चांगला चार्जर तिसऱ्या पिनेवाचून चालतो, कारण त्याला बाहेर धातू नसतो आणि आत दुहेरी वेष्टन असते. स्वस्तातल्या चार्जरमध्ये ते वेष्टन आहे की नाही, हे बाहेरून ओळखता येत नाही. शिवाय त्याच्या बारीक पिना आपल्या सॉकेटात सैल बसतात, लोंबतात, ठिणग्या उडतात.

आणि पडद्यांच्या नव्या सॉकेटात तर आणखी एक प्रकार चालतो. दोन पिनांचा चार्जर आत जात नाही, कारण दार उघडणारी तिसरी पिन त्याला नाही. मग घरातले कोणीतरी पेनचे टोपण तिसऱ्या भोकात दाबते, दार उघडते आणि चार्जर बसतो. शेजारी उभे असलेले चार वर्षांचे पोर ते बघत असते.